कोठीमागचा डबा

सकाळी सहाच्या आत फोन वाजला की मी आधी नंबर बघते, मग घड्याळ बघते आणि मग उचलायचा की नाही ते ठरवते. त्या दिवशी नंबर धाकट्या भावाचा होता. ‘अक्का, शालू गेली,’ एवढंच तो म्हणाला. आणि मी, त्याची सख्खी बहीण, त्याला काय म्हणाले असेन? म्हणाले, ‘नीट बघितलंस का? डॉक्टरला विचारलंस का?’ आज लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण खोटं लिहून आणखी एक पाप कशाला वाढवू... पहिली दोन मिनिटं मला ती बातमी पटलीच नाही. दुःखानं माणसाला खरं वाटत नाही, तसं नव्हे. मला वाटलं, मला बोलावून घ्यायला चाललंय हे सगळं. कारण आदल्याच दिवशी त्याचा फोन आल्ता. ‘शालूला बरं न्हाई, जालन्याला दवाखान्यात आणलंय, तुझी लई आठवण काढून राह्यली, ये.’ त्यावर मी म्हणाले होते, ‘तुझ्या बायकोची नाटकं मला चांगली ठाऊक आहेत.’ मंठ्याहून जालना काही सातासमुद्रापलीकडं नाही. दर थोड्या वेळानं बस आहे. मी गेले नाही.

माझा स्वभावच असा, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. तीस-एक वर्षं शाळेत मास्तरकी केली आणि त्यातली निम्मी परीक्षेच्या वर्गात कॉपी पकडण्यात गेली. पोरगं खाली बघतंय म्हणजे काहीतरी आहे, वर बघतंय म्हणजेही काहीतरी आहे. ती सवय शाळेबरोबर सुटेल असं वाटलं होतं, ती घरी आली. भाजीवाल्यानं एक लिंबू जास्त टाकलं तर मी ते उलटंपालटं करून बघते आणि परत देते. लवकर विधवा झाले, एकटीनं राहिले, कुणाचं काही घेतलं नाही. दिलं म्हणजे मागाहून काहीतरी मागणार, हा माझा हिशेब पक्का. शालिनी लग्न होऊन आमच्या घरात आली, त्या पहिल्या दिवाळीला तिनं माझ्यासाठी साडी आणली होती. तिच्या माहेरची, कुंभार पिंपळगावच्या बाजारातली, मोरपंखी रंगाची. मी घडी न मोडता विचारलं, ‘मला कशाला? काही काम आहे का माझ्याकडं?’ एकवीस वर्षांची पोर ती. साडी उचलून आत गेली. त्यानंतर तिनं मला हातात कधी काही दिलं नाही. मी मनात म्हणाले, बघा, द्यायचंच नव्हतं मुळात!

तिच्या हातात कला होती, हे मात्र मी तेव्हाही नाकारलं नाही. क्रोशाची सुई आणि लोकरीचा गुंडा घेऊन ओसरीवर बसली की बोलता बोलता तोरण, रुमाल, टीव्हीवरचं झाकण, काहीही होऊन जायचं. पण खरा जीव नानकटाईवर. तिच्या माहेरी दिवाळीच्या आधी घरोघरच्या बायका मैदा, तूप, पिठीसाखर डोक्यावर घेऊन गावातल्या बेकरीवर जायच्या, आपल्या डोळ्यांदेखत भट्टीतून पत्रे काढून घ्यायच्या आणि पत्र्याचे डबे भरून घरी आणायच्या. ही पोर त्या भट्टीपाशी बसून सगळं शिकली. आमच्याकडं भट्टी नव्हती आणि ओव्हन तर फार पुढं आला. मग तिनं काय करावं? शहागडला कुणाच्या लग्नाला गेली आणि येताना गोदावरीतली बारीक वाळू डबा भरून घेऊन आली. ती धुतली, चाळली, उन्हात वाळवली. मला मेलीला शंका आली की ही वाळू कशाला, वर झाकून कशाला ठेवली, करणीबिरणी तर न्हाई ना! मी दोन दिवस भावाला सावध करत फिरले. तिसऱ्या दिवशी तिनं ती वाळू जाड पातेल्यात तापवली, वर ताटली ठेवली आणि त्यात नानकटाई भाजली. मोसंबीची साल किसून घालायची ती त्यात. घरभर वास सुटला. मला दोन दिल्या असत्या तर मी घेतल्या नसत्या, तेव्हा तिनं दिल्या नाहीत आणि मी वास घेत घरी आले.

फेब्रुवारीचं खूळ अलीकडचं, सात-आठ वर्षांतलं. माझी भाची प्राजू कॉलेजात होती, तिनं आईकडून लाल लोकरीचे गुलाब करून घेतले आणि मैत्रिणींना वाटले. झालं! पुढच्या वर्षी पोरींची रांग. कुणाला गुलाब, कुणाला किल्लीला लावायचा लोकरीचा बदाम, कुणाला बदामाच्या आकाराची नानकटाई. शालूनं पत्र्याची पट्टी वाकवून साचाच करून घेतला. प्रेमाचा दिवस म्हणे! मी म्हणाले, ‘शालू, या वयात हे बदाम कापत बसलीस, लोक काय म्हणतील?’ ती पिठाचे हात तसेच ठेवून हसली. ‘अक्का, लोक खातेत आन् गोड लागलं म्हणतेत. दुसरं काय म्हनणार?’ फेब्रुवारीतले ते आठ-दहा दिवस ती वेगळीच असायची. हवेत गारवा, अंगणात पाटीभर हरभऱ्याचे डहाळे, मांडीवर लाल लोकर, आत ओव्हन तापलेला, आणि हिचं गुणगुणणं. एवढ्या साध्या गोष्टीत माणूस इतकं खूश कसं राहू शकतं, याचाच मला संशय यायचा. काहीतरी असणार.

आणि एका वर्षी मला ते काहीतरी सापडलं. स्वयंपाकघरात ज्वारीची पत्र्याची कोठी आहे, तिच्यामागं भिंतीला लागून एक छोटा गोल डबा, वर लाल लोकर गुंडाळलेली. आत बदामी नानकटाया. विकायच्या नव्हेत, त्या तर ओट्यावर उघड्या होत्या. मग या कुणासाठी लपवल्या? मी एक खाऊन बघितली. चोरी नव्हे, तपासणी! गोडाला नावापुरती, साखर नाहीच, खजूर होता बहुतेक. चव मात्र जिभेवर राहील अशी. दुसऱ्या दिवशी आणखी एक तपासली. शालूचं एक होतं, त्या दिवसांत मी स्वयंपाकघरात शिरले की तिला काहीतरी काम निघायचं. ‘अक्का, जरा बसा, मी दळण बघून येते.’ ‘अक्का, दूध उतू जाईल, ध्यान ठेवा, आत्ता आले.’ मी मनात म्हणायची, किती गाफील बाई ही, लपवायचंही धड येत नाही.

दरवर्षी तो डबा तिथं असायचा आणि दरवर्षी तो दहा-बारा दिवसांत माझ्या तपासणीत संपायचा. बोलायची सोय नव्हती, बोलले तर मी कोठीमागं काय करत होते, हे आलंच की! पण डोकं स्वस्थ बसतंय होय? साखर नाही, म्हणजे ज्याच्यासाठी आहे त्याला शुगर आहे. शुगर म्हणजे वयस्कर. गल्लीच्या तोंडाशी एक निवृत्त कंपाउंडर राहतात, बारीक, टापटीप, येता-जाता शालूला ‘काय ताई, काय विणता?’ विचारणारे. मला शुगर आहे, मी तपासायला जाते त्या दवाखान्यात त्यांनाही दोनदा बघितलेलं होतं. माझी खात्री पटली. चार वर्षं मी त्या बिचाऱ्या माणसावर पाळत ठेवली.

यंदा जानेवारीत भावाकडं माझा चष्मा हरवला. मी पोथी वाचून ओसरीवर ठेवला आणि जरा डोळा लागला, उठून बघते तर नाही. मी सगळं घर डोक्यावर घेतलं, कामवालीला नाही नाही ते बोलले. तासाभरानं चष्मा होता तिथंच सापडला. शालू म्हणाली, ‘इथंच तर होता, अक्का.’ तिचा आवाज जरा वेगळा वाटला. मी ते लक्षात ठेवलं.

मग फेब्रुवारी आला. तेरा तारखेला मी गेले तेव्हा प्राजूच्या मैत्रिणी ओसरीवर गुलाब घ्यायला बसल्या होत्या. शालू नेहमीप्रमाणं दळणाचं निमित्त करून उठली. मी कोठीमागं हात घातला. डबा होता. आत नानकटाया, आणि त्यांच्यावर लाल लोकरीनं विणलेलं चष्म्याचं घर, त्याला छोटासा पांढरा बदाम टाचलेला. माझ्या अंगाची आग झाली. कंपाउंडरला चष्मा होता! मी डबा तसाच ठेवला, बाहेर आले, आणि ती दळणाचा डबा काखेत घेऊन परत येते तोच चार पोरींसमोर विचारलं, ‘कोठीमागं कुणासाठी लपवतीस गं? कोण आहे तो?’ ती आधी हसली. म्हणाली, ‘ज्याला सापडंल त्याचा, अक्का.’ मला तो उर्मटपणा वाटला. मी म्हणाले, ‘पोरीच्या लग्नाचं वय झालं आणि आईचे हे धंदे! माझ्या भावाच्या तोंडाला काळं फासू नको.’ तिचं हसू ओठांवर होतं तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. ते मी बघितलं. इतकी वर्षं माणसांचे चेहरे वाचण्यात घालवलेली मी, तो एवढा स्पष्ट चेहरा मला वाचता आला नाही... चप्पल घालून मी निघाले आणि पुन्हा त्या घरात पाऊल टाकलं नाही. दहा-बारा दिवसांतच तिच्या छातीत दुखायला लागलं, भावाचा फोन आला, आणि पुढचं मी वर लिहिलंय.

तेराव्याला कंपाउंडर आले, बायकोला घेऊन. मी दाराशीच बसले होते, डोळा त्यांच्यावरच. त्यांचा चष्मा गळ्यात दोरीनं अडकवलेला. दोरीच्या चष्म्याला घर कशाला लागतं? प्राजूनं चहा आणला, त्यांनी घोट घेतला आणि हळूच म्हणाले, ‘बेटा, साखर जरा कमी पडली, दोन चमचे आन.’ मी तिथल्या तिथं विचारलं, ‘तुम्हाला शुगर न्हाई?’ ‘बिलकुल न्हाई, बाई. तपासायला जातो अधूनमधून, सगळं बराबर.’ पाहुण्यांच्या घोळक्यात मी बसून राहिले. मग आमच्या या घरात येणारं-जाणारं शुगरचं माणूस कोण? चष्म्याचं कोण? कोठीपर्यंत हात कुणाचा जातो? एकेक उत्तर येत गेलं आणि प्रत्येक उत्तर माझंच होतं.

प्राजू मागच्या अंगणात भांडी आवरत होती. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, ‘आत्या, तो डबा तुमचाच होता. आई पहिला घाणा तुमचाच काढायची, खजुराचा. आम्हाला हात लावू द्यायची न्हाई. म्हणायची, अक्कांच्या हातात दिलं तर त्या घेत न्हाईत. सापडलं की मंग खातेत.’

‘मला सांगितलं का न्हाई गं कुणी?’

‘सांगितलं असतं तर खाल्लं असतं तुम्ही?’

पोरीचा आवाज कडवट होता आणि असायलाच हवा होता. त्या दिवशी ओसरीवर तीही होती. मी म्हणाले, ‘डबा कुठं आहे?’ तर म्हणाली, ‘आहे तिथंच. आईनं उचलू दिला न्हाई. जालन्याला निघताना गाडीत बसेपर्यंत म्हणत होती, राहू दे, अक्का येतील.’

जेवणं उरकून पाहुणे पांगले, तेव्हा दुपारची मी स्वयंपाकघरात गेले. सवयीनं आधी मागं वळून बघितलं, कुणी बघत तर नाही ना. कुणी नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं की मला कुणी बघत नाही. ती बघतच असणार... दळण घेऊन बाहेर उभी राहून, मी खाऊन तोंड पुसेपर्यंत. मी कोठीमागं हात घातला. नानकटाई जराशी सादळली होती, मोसंबीचा वास तसाच होता. मग डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि त्या लाल घरात सरकवला. इकडं नाही, तिकडं नाही, बराबर बसला. जानेवारीतल्या त्या तासाभरात तो कुठं गेला होता, ते तेव्हा कळलं. मी कोठीला टेकून खाली बसले आणि मोठ्यानं रडले. प्राजू आली, माझ्याजवळ बसली. जिला मी नाही नाही ते बोलले होते, ती कामवालीही दारात येऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. जिची खरी मागायची होती, ती राहूनच गेली.

स्वभाव काही एका महिन्यात बदलत नाही. परवा भाजीवाल्यानं एक लिंबू जास्त टाकलं, मी उलटंपालटं करून बघितलं. पण परत दिलं नाही. आणि रोज संध्याकाळी पोथी मिटली की चष्मा त्या लाल घरात ठेवते, घर लोकर गुंडाळलेल्या डब्यात ठेवते, आणि डबा माझ्या स्वयंपाकघरातल्या कोठीमागं सारते. सकाळी हात घालून काढते. काढताना रोज एकदा मागं वळून बघते. कुणीतरी बघत असावं असं आता वाटतं.