मामा कवळा हुता

चहा ओता आधी, मग सांगतो. पण एक अट हाय. गोष्ट संपेपर्यंत कुणी हसायचं नाही. माझी जेवढी शोभा झाली ना, तेवढी वरातीत घोड्याची पण होत नसेल!

तर मुळात काय, मला रक्त बघवत नाही. दाढी करताना कापलं तर आरशाकडं पाठ करून तुरटी लावणारा माणूस मी. लॅबमध्ये रक्त द्यायला गेलतो तर सुई टोचायच्या आधीच आडवा झालो. रक्त काढणारी बाई माझ्या बायकोला विचारते, "ह्यांना ॲडमिट कराय आणलंय व्हय?"

आणि अशा माणसाला देवानं मेव्हणा कसा द्यावा? रक्ताचे पिक्चर काढणारा!

सच्या त्याचं नाव. माझ्या बायकोचा, वंदनाचा, धाकटा भाऊ. लग्नाचं शूटिंग करून पोट भरतो, आणि लग्नसराई संपली की माणसं मारतो. पडद्यावर हो! त्याचा पहिला पिक्चर 'फडात कोण?'. उसाच्या फडात तोंडाला पोतं बांधलेला एक खुनी कोयता घेऊन फिरतो आणि दिसेल त्याला उभा चिरतो. खुन्याचं काम केलंय युनूसभाईंनी. एरवी गाद्या भरतात. इतका सज्जन माणूस की कापूस पिंजताना सुद्धा त्याला लागेल म्हणून जपतात.

आता पैशाच्या नावानं बोंब, मग रक्त कुठलं आणायचं? सच्यानं गुळाच्या पाकात लाल रंग घातला. कोल्हापुरात गुळाला काय तोटा! पण शूटिंगला उशीर झाला आणि प्रेताला मुंग्या लागल्या. प्रेत ओरडत पळत सुटलं. आणि पिक्चर बघून लोक काय म्हणाले असतील? "प्रेताला मुंग्या सुद्धा दाखवल्यात राव, काय बारकाई!"

एवढ्या कौतुकावर गडी दुसरा भाग काढायला उठला. आता पहिल्या भागात खुनी सोडून झाडून सगळे मेले होते. मग दुसऱ्यात मारायचं कुणाला? सच्यानं मेलेल्यांचे नातेवाईक काढले! हिरोईनीचा मामा भाचीला शोधत फडात येतो, असं काहीतरी.

ह्यावेळी मात्र सासऱ्यांनी दम भरला होता. "हा आपटला की कॅमेरा माळ्यावर. आणि गुमान कबनूरला काकाच्या यंत्रमागावर बसायचं." पोरगं हादरलं होतं. पहिल्या खेळाच्या आदल्या दिवशी दुकानात आलं. शाहूपुरीत माझं पंपाच्या मोटारींच्या रिवायंडिंगचं दुकान आहे, तिथं. स्टुलावर बसून म्हणालं, "दाजी, तुम्ही या फकस्त. तुमचं मत माझ्यासाठी लई मोठं हाय."

मी म्हटलं, "येतो की!"

घरी वंदनानं बजावलं, "अवो, माझ्या भावाला एक शब्द वाकडा बोलायचा न्हाय. कोण विचारलं तर चांगलंच सांगायचं."

"आन् चक्कर आली तर?"

"चांगलं सांगून मग पडा."

सकाळचा खेळ. गडबडीत पोटात नुसता चहा. वंदनाबरोबर थेटरात बसलो, दिवे गेले, आणि पडद्यावर पहिला कोयता चमकला तसे मी डोळे मिटले. ते शेवटपर्यंत उघडले नाहीत. मध्यंतरात उघडले, पण भज्यापुरते.

पण मंडळी, कान कसे मिटायचे? किंकाळ्या ऐकल्या, पळापळ ऐकली. आणि दुसऱ्या अर्ध्यात काय झालं, अचानक सगळं शांत झालं. मग लाकडावर खट खट खट, काहीतरी बारीक कापल्याचा आवाज. मग पातेल्यात रटरट रटरट. झाकण काढल्याचा आवाज. आणि मग एक भुरका! फुर्रर्रर्र! असा लांबलचक, जीव तृप्त झाल्यासारखा.

मी मनात म्हटलं, आलं की मटण! बरं केलं पोरानं. एवढ्या मारामारीत जेवणाचा एक सीन घातला. माझ्या पोटात कावळे ओरडत होते. मी आवंढा गिळला. शेजारी लोक "ई, शी" करत होते. मी समजलो शाकाहारी असतील.

पिक्चर सुटला. दारात एक पोरगी मोबाईल आणि माईक घेऊन उभी. येईल त्याला विचारत होती, "कसा वाटला?"

एक तरुण म्हणाला, "रगात लई हाय, गोष्ट न्हाय. पहिला भाग बरा हुता."

एक बाई म्हणाली, "हिरोईनीची बहीण उसातनं एवढी पळती, पण साडीची एक पिन सुटत न्हाय. ती पिन कुठली तेवढं सांगा."

एक शेतकरी पावणं पुढं आले. फार गंभीर माणूस. "खून जाऊ द्या. तो ऊस लई उंच हाय. बेणं कुठलं वापरलंय?"

सच्या मागं भिंतीला टेकून हे सगळं ऐकत होता. तोंड एवढंएवढं झालेलं. आणि तेवढ्यात माईक माझ्यापुढं आला.

आता चांगलं सांगायचं तर काय सांगायचं? मला पिक्चरमधलं एकच ठाऊक. घसा खाकरला आणि दणक्यात सुरू केलं.

"मला विचाराल तर तो मटणाचा सीन! तोंडाला पाणी सुटलं!"

पोरीनं माईक जरा लांब धरला. "काका, कुठला... तो कापायचा सीन?"

"तोच की! काय त्यो हात! काय ते बारीक तुकडं! आन् रस्सा असा रटरटत हुता की वाटलं आपण बी ताट घेऊन बसावं. आन् शेवटचा त्यो भुरका! ह्याला म्हणत्यात खाणं!"

"तुम्हाला... भूक लागली?"

"लागली म्हंजे? अजून लागलीया! घरच्या सगळ्यांनी, पोराबाळांनी एकत्र बसून बगावा असा सीन हाय."

पोरगी चाचरत म्हणाली, "आणि काका, ज्याचं मटण केलं त्याच्याविषयी..."

मी हसलो. "ते कवळंच असणार! निसतं शिजल्याच्या आवाजावरनं सांगतो. एकदम कवळं!"

आसपासची गर्दी चार पावलं मागं सरली. मला वाटलं, आदरानं वाट देत्यात.

गाडीवर वंदना मागं बसली. रंकाळ्याजवळ आलो तशी म्हणाली, "गाडी बाजूला घ्या."

घेतली.

"ते मटण न्हवतं."

"मग?"

"हिरोईनीचा मामा हुता."

मी गाडीवरनं उतरून खाली कट्ट्यावर बसलो. चक्कर पिक्चर बघून यायची ती तिथं आली.

तिला सगळं कबूल करावं लागलं. ती आधी चिडली, मग पदर तोंडाला लावून हसत सुटली, मग पदर सावरून म्हणाली, "सच्याला कळू देऊ नका. त्याला वाटंल, घरच्या माणसानंबी बघितला न्हाय."

आणि संध्याकाळी सच्याच आला की! आला तो माझ्या गळ्यातच पडला. डोळ्यात पाणी. "दाजी, सगळी ओंगळ म्हणाली. तुम्ही एकट्यानं त्या खुन्याची भूक वळखली! मी तो सीन भुकेवरच काढलाय वो!"

सांगा, ह्याला कसं सांगू, बाबा, मी डोळे मिटले होते? "काढलायस चांगला," म्हटलं आणि पाठीवर हात फिरवला.

पण त्या पोरीनं व्हिडिओ टाकला होता. वर मोठ्या अक्षरात काय लिहिलं? 'मामा कवळा हुता – कोल्हापूरच्या काकांचं मत'. दोन दिवसात गावभर! दुकानात मोटार घेऊन आलेला माणूस उंबऱ्याबाहेरनंच म्हणायला लागला, "हितंच ठेवतो, तुम्ही या घ्यायला." खाटकाकडं गेलो तर तो सुरी पुसत म्हणतो, "आज काय देऊ? बोकड चालतंय न्हवं?" युनूसभाई भेटले, तर हात जोडून म्हणाले, "भाईसाब, खून मी केले, आणि लोक घाबरत्यात तुम्हाला! माझ्या दुकानात गिऱ्हाईक हसून बोलतंय."

इथवर मी सोसलं. पण मग चंदगडहून फोन आला.

वंदनाचा आणि सच्याचा एक मामा आहे, खराखुरा. चंदगडला राहतो. एकटा जीव. दर वर्षी काजू आणि नवा तांदूळ घेऊन एसटीनं आमच्याकडं येतो आणि महिनाभर राहतो. वंदना त्याच्यासाठी गादीवरची चादर सुद्धा नवी काढते. तर त्या मामाचा फोन. मीच उचलला.

"जावईबापू, यंदा काय माझं जमत न्हाय."

"का वो मामा? तब्येत?"

"तब्येत बरी हाय. म्हणूनच येत न्हाय."

मी म्हटलं, "म्हंजे?"

मामा हळूच म्हणाला, "व्हिडिओ बगितला मी. शेजारच्या पोरीनं दावला. तुम्ही मनाचं चांगलं हायसा, म्हाईत हाय मला. पण त्यात तुम्ही लई मनापासनं बोललाय."

फोन ठेवला तर वंदना दारात उभी. तिनं ऐकलं होतं. ती आत गेली आणि मामासाठी काढलेली चादर घडी करून परत कपाटात ठेवली. आता सांगा, माणूस गप्प बसेल? मी तडक सच्याचं घर गाठलं.

सच्या कॉम्प्युटरपुढं बसला होता. मी दार लावलं आणि एका दमात सांगून टाकलं. "सच्या, मी पिक्चर बगितलाच न्हाय. डोळं मिटून बसलोतो. मला रगात बगवत न्हाय. मला वाटलं मटण हाय. चुकलं माझं."

त्याचं तोंड उतरलं. खुर्ची फिरवून खिडकीकडं बघत राहिला. मला वाटलं गेला गडी कबनूरला. माझ्यामुळं गेला.

मग त्यानं विचारलं, "निसतं ऐकलंसा?"

"व्हय."

"आन् तोंडाला पाणी सुटलं?"

"खोटं कशाला बोलू? सुटलं. वंदनानं केल्यागत वाटलं."

आणि मंडळी, सच्या हसायला लागला! खुर्चीवरनं घसरून खाली बसला, तरी हसतोय. मला कळेना. शेवटी डोळे पुसत म्हणाला, "दाजी, ते अक्कानंच केल्यालं हुतं! ते सगळं आवाज तुमच्या सैपाकघरातलं हायती. खटखट म्हंजे अक्का कांदा चिरतीया. रटरट तिचाच रस्सा. मी रविवारी जेवाय आलतो की, तवा गपचूप घेतल्यालं."

मला जरा बरं वाटलं. म्हणजे माझी जीभ खोटी नव्हती! म्हटलं, "आन् त्यो भुरका? त्यो युनूसभाईंचा व्हय?"

सच्यानं मान खाली घातली.

"युनूसभाईंनी लई ट्राय केला. ताक पिऊन बघितलं, सूप पिऊन बघितलं. भीतीच वाटंना. तसला आवाज कुठल्या ॲक्टरला जमला न्हाय, दाजी. मग मी भाकरीच्या बुट्टीआड मोबाईल ठेवला. तुमच्या ताटाजवळ."

म्हणजे ज्या भुरक्याला अख्खं थेटर "ई, शी" करत होतं, तो माझा! आणि माईकपुढं मी "ह्याला म्हणत्यात खाणं" म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली होती!

त्याच दिवशी सच्यानं मामाला फोन लावून सगळं सांगितलं. मामा तिकडनं एवढा हसला की ठसका लागला. दुसऱ्या दिवशी एसटीनं काजूची पिशवी घेऊन हजर. तरी पहिल्या रात्री खोलीला आतनं कडी घातलीच होती. आणि पिक्चरचं म्हणाल, तर तो 'कवळा मामा' बघायला लोक इतके लोटले की कबनूरचं नाव कुणी काढलं नाही. सासरे स्वतः दोनदा बघून आले.

मीही ठरवलं, पोरासाठी एकदा डोळे उघडे ठेवून बघायचा. रविवारच्या खेळाला मी, वंदना आणि मामा गेलो. एका हातानं खुर्ची धरली, दुसऱ्या हातानं मामाला. सगळं बघितलं! पोतं बघितलं, कोयता बघितला, गुळाचा पाक बघितला. चक्कर आली नाही. आणि मग तो सीन आला. खट खट खट. रटरट. युनूसभाईंनी पोतं वर केलं, वाटी तोंडाला लावली आणि थेटरभर माझा भुरका घुमला. फुर्रर्रर्र!

पोरं किंचाळली. पुढच्या रांगेतल्या बाईनं तर कान झाकून घेतले. म्हणाली, "अगं आई गं! काय त्यो घाणेरडा आवाज! असल्या माणसाबरोबर एका घरात ऱ्हायचं तरी कसं?"

वंदना वाकली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाली,

"सवय हुतीया बाई, हळूहळू."