खिडकीकडे पाठ

एस.टी.चा थांबा दिसला की कंडक्टरकाकांची सायकल थांबायची. थांब्यावर चिटपाखरू नसलं तरी काका एक पाय जमिनीला टेकवणार, शेतातून कुणी पळत येतंय का ते बघणार, दोनदा घंटी वाजवणार आणि मगच निघणार. निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झाली तरी हे सुटलं नव्हतं. परभणी ते झरी एवढ्यातच आमचे डॉक्टर तापायचे. "काका, कुणाची वाट बघायलात?" काका शांतपणे सांगायचे, "सवय हाय सायब. पाय आपोआप टेकतो, मी काय करू?"

आमचा चौघांचा कंपू. डॉक्टर, कापडदुकानवाले अप्पा, कॉलेजात शिकवणारा मी आणि काका. आम्हा तिघांकडे गिअरच्या सायकली, हेल्मेटं आणि तंग चड्ड्या. अप्पा त्या चड्डीत खोळ घातलेल्या लोडासारखे दिसत, पण उत्साह दांडगा. काकांकडे जुनी काळी सायकल आणि पायजम्याला चिमटा. दसरा झाला, पहाटे अंगावर जरा शिरशिरी यायला लागली की आमचा हंगाम सुरू व्हायचा. पहिली फेरी ठरलेली, जिंतूरवरून येलदरीच्या धरणापर्यंत. निघण्यापूर्वी काका आम्हाला बोट दाखवून मोजायचे. आम्ही तिघेच असायचो, तरी मोजायचे. मग सगळ्यांच्या मागे राहायचे. "पुढं ड्रायव्हर. कंडक्टर मागंच शोभतो."

रस्ता मात्र त्यांना पाठ होता, तोही धक्क्यांनी. "आता पोटात गोळा येतो बघा," असं मागून म्हणायचे आणि खरोखरच पुढच्या क्षणी माझी सायकल खड्ड्यात जायची. गावं त्यांना उतारूंवरून आठवायची. बोरी म्हटलं की एक म्हातारी. ती पदराखाली कोंबडी झाकून बसायची आणि तिकिटाच्या वेळी कोंबडी ओरडली की जोरजोरात खोकायची. "लय दिवस मला वाटायचं, म्हातारीला दमा हाय," काका सांगायचे.

एकदा जिंतूरला चहा पिताना मी सहज विचारलं, "काका, पुढचा घाट कसा आहे हो?" ते म्हणाले, "गाडी डावीकडं झुकली की समजायचं, येलदरी जवळ आली. तिकिटं आवरायची."

"ते झालं. बाहेर काय दिसतं?"

काकांनी बशी खाली ठेवली. "भायेर कोण बघतंय? मान वर केली की एखादा फुकट उतरायचा. सगळी नोकरी खिडकीकडं पाठ करून झाली बघा." मग बशी पुन्हा उचलत म्हणाले, "त्यासाठीच तर सायकल काढली. घरची म्हणती, जल्मभर चाकावरच होता, हौस फिटली न्हाई का. तिला काय सांगू, त्यो घाट एकदा बघायचाय."

आणि तोच नेमका राहून जात होता. थांब्या-थांब्यावर थांबून जिंतूर गाठेपर्यंत ऊन डोक्यावर यायचं आणि तिथूनच परत फिरावं लागायचं. दोन हंगाम असेच गेले. तिसऱ्या वर्षी काकांचा मुलगा दिवाळीला येऊन आई-वडिलांना कायमचं पुण्याला नेणार, असं ठरलं. गुडघेही कुरकुरायला लागले होते. घाट बघायचा तर हीच फेरी.

तोडगा अप्पांनी काढला. निघताना त्यांनी जाहीर केलं, "काका, आज गाडी जलद हाय. जिंतूरशिवाय थांबा न्हाई."

काका गंभीर झाले. "मग बोर्ड लावा की."

अप्पांनी कापडाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर 'जलद' लिहिलं आणि काकांच्या हँडलला बांधलं. त्या दिवशी काका एकाही थांब्यावर थांबले नाहीत. उभ्या माणसांना नुसता हात करायचे, "मागून येतीय, मागून येतीय." झरीच्या थांब्यावरचा एक शेतकरी तोंडाचा आ करून बघतच राहिला. जिंतूरला आम्ही कधी नव्हे ते कोवळ्या उन्हात पोचलो.

घाटाच्या चढावर काकांनी सायकल हातात धरली. आम्हीही उतरलो. वळणावर आले आणि थबकले. खाली सागाचं रान, उतारावर सीताफळाची झुडपं, गवत नुकतं पिवळं पडायला लागलेलं आणि पार पलीकडे भरलेल्या धरणाचं पाणी. काका बघत राहिले. मग रागानंच म्हणाले, "एवढं सगळं हितं होतं? अन् मला कुणी सांगितलं न्हाई!"

तेवढ्यात खालून एस.टी. आली. आत एक तरुण कंडक्टर खिडकीकडे पाठ करून तिकिटं फाडत होता. काकांनी रस्त्याच्या मधोमध जाऊन हात आडवे केले. ड्रायव्हर ओळखीचा निघाला. एस.टी.तल्या रिवाजानं काकांना म्हणाला, "या मास्तर, चढ हाय, सायकल टाका टपावर."

काका पायरीवर चढले ते थेट त्या पोरगेल्या कंडक्टरकडे. "तिकिटं ऱ्हाऊ दे बाबा. आधी भायेर बघ."

"काय झालं? कुणी पडलं का?" म्हणत अख्खी गाडी खिडक्यांना भिडली. कंडक्टरही वाकला. पडलेलं कुणी दिसेना, पण गाडी तशीच बघत राहिली. एक बाई म्हणाली, "आगं बया, पाणी किती आलंय!" मग काका खाली उतरले आणि गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारून त्यांनी गाडी सोडली. धरणापर्यंत ते आलेच नाहीत. "तुमी जाऊन या. माझं हितलंच बघून व्हायचंय."

दिवाळीनंतर काका पुण्याला गेले. मला त्यांची फार आठवण येते, आणि डॉक्टर तर बोलूनच दाखवतात. यंदाच्या पहिल्या फेरीला आम्ही तिघेच होतो. कुठेही थांबलो नाही. दहाच्या आत धरणावर, आजवरची आमची सगळ्यात झकास वेळ. अप्पांनी घड्याळाचा फोटोसुद्धा काढला. इतक्यात काकांचा फोन आला. "पोचलात का? मग सांगा, वळणावरनं काय काय दिसायलंय यंदा?"

मी डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी अप्पांकडे. चढ आम्ही मान खाली घालून, वेळ राखत मारला होता. वळण कधी आलं आणि कधी गेलं, तिघांपैकी एकालाही सांगता येईना.

"जरा थांबून फोन करतो काका," असं म्हणून मी फोन ठेवला आणि आम्ही सायकली मागे वळवल्या.