निकामी सागवानाची बालवाडी

"वैद्य, ही सही तुमचीच ना?" मेहतासाहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. सही माझीच होती. त्यावर मी लिहिलं होतं की जुन्या घरांचं पाडकाम करून आलेलं सागवान पूर्णपणे निकामी आहे.

"हो साहेब."

"तो पछी? मग निकामी लाकडाखाली तुम्ही पोरं बसवणार?"

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सुरतेत एका बांधकाम खात्यात मेहतासाहेबांच्या हाताखाली ओव्हरसियर होतो. रस्ता रुंद करताना पाडलेल्या घरांचा माल आमच्या स्टोअरमध्ये पडून असायचा. पन्नास वर्षं मुरलेल्या तुळया, नक्षीचे दरवाजे, भाजीव विटा, सगळं उन्हापावसात. नियम असा की चांगला माल फुकट देता येत नाही, फक्त निकामी देता येतो. म्हणून मी डोळे मिटून सही ठोकली.

कारण शहराच्या कडेच्या नवागाम वस्तीला बालवाडी हवी होती. तिथल्या खानदेशी बाया पावरलूमवर कामाला जायच्या आणि पोरं लूमखाली झोपवायच्या. त्यांतल्या हिराबाईच्या लेकीची, मंगीची, उजव्या हाताची दोन बोटं मागच्याच वर्षी पट्ट्यात गेली होती. हिराबाई मला म्हणाली, "भाऊ, पोरेस्ले कथा ठेवानं?" पोरांना कुठे ठेवायचं? घर माझ्याकडे नव्हतं, सागवान मात्र होतं.

नकाशा मीच काढला. आधी माल मोजला आणि मग खोली आखली. नेहमी उलट करतात. तुळया अकरा फुटी निघाल्या, म्हणून खोली दहा फूट रुंद. दरवाजे सात होते, तर चारांच्या खिडक्या केल्या. भिंती उठल्या, छपराच्या तुळया बसल्या, कौलं तेवढी बाकी राहिली. तेवढ्यात मेहतासाहेबांनी फाइल उघडली.

"लोड टेस्ट करा," ते म्हणाले. म्हणजे तुळयांवर वजन ठेवायचं आणि त्या किती वाकतात ते मोजायचं.

"वाळूची पोती मंजूर करा."

"पोती नव्या कामाला. ही निकामी कामाला कशी देणार?"

माझं डोकं तापलं. स्टोअरपलीकडे आमची रेकॉर्डरूम होती. जुन्या फाइली तिथे छताला टेकल्या होत्या. त्या फाडायला मंजुरी नाही, आणि मंजुरी मागणारी फाइलही त्याच ढिगात. म्हटलं, "साहेब, वजन म्हणून ह्या जुन्या फाइलीच वापरू?"

साहेबांचा चेहरा खुलला. "सरस! सगळ्या घेऊन जाव."

दोन ट्रक गठ्ठे आले. रेकॉर्डक्लार्क मोठा हौशी. त्यानं निकामी मालाच्या फाइली आधी भरल्या, त्यांत माझा दाखलाही गेला. तुळयांवर फळ्या टाकल्या, फळ्यांवर गठ्ठे रचले. तीन दिवस ठेवले. तुळई वाकली फक्त एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. अहो, एवढा कारभार अंगावर घेऊन आमच्यातला एकही माणूस इतका सरळ राहिला नसता!

गठ्ठे खाली उतरवून कौलं चढवली. गठ्ठे परत न्यायला ट्रक मागवला, तर क्लार्क हात जोडून उभा. रिकाम्या झालेल्या रेकॉर्डरूममध्ये साहेबांची नवी केबिन आली होती. आठ दिवसांत हुकूम आला. पुढील आदेशापर्यंत नवागामची इमारत रेकॉर्डरूम समजावी.

मी हुकूम चुरगळून खिशात कोंबला. हिराबाई दारात उभी राहिली, मंगी तिच्या कडेवर. तिनं आतले गठ्ठे बघितले आणि पोरीला घेऊन परत लूमकडे वळली. ते जास्त लागलं.

पुढे आल्या त्या वत्सलाबाई. बालवाडी चालवायला धुळ्याहून आलेल्या बाई. "वैद्यभाऊ, रेकॉर्डला राखणदार लागतो की नाही?"

"लागतो."

"मग मी राखते. पोरं माझ्यासोबत असतील. राखणदारानं पोरं आणू नयेत असं लिहिलंय का कुठं?"

मी नियमांचं पुस्तक तीनदा चाळलं. तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

बाईंनी गठ्ठे भिंतीला लावून बाकं केली. सोमवारी एकोणीस पोरं आमच्या खात्याच्या इतिहासावर बसून गाणी म्हणत होती. लूमखाली एकही नव्हतं. पाटी कमी पडली की बाई फाइलीतले कागद काढून कोऱ्या बाजूवर गिरवायला देत. मला कळत होतं, पण मी त्या बाजूला बघत नसे.

पुढच्या वर्षी ऑडिट आलं. निकामी सागवानाचा मूळ दाखला हजर करा म्हणाले. मी घामाघूम होऊन नवागाम गाठलं. वत्सलाबाईंनी अर्ध्या तासात कागद शोधून दिला. मागे कोळशानं काढलेला मोठा हत्ती होता, सोंड कागदाबाहेर गेलेली.

मी तो तसाच साहेबांपुढे ठेवला. म्हटलं, आता नोकरी गेली. साहेबांनी सही बघितली, कागद उलटला.

"कोणी काढला?"

"मंगीनं. डाव्या हातानं."

साहेबांनी हत्तीखाली लिहिलं, 'तपासले, बरोबर आहे', आणि शिक्का मारला.

तीस वर्षांच्या नोकरीत मी शेकडो दाखले दिले. ह्या एकावर मात्र माझी बाजू खोटी होती आणि मागची खरी. ऑडिटनं दोन्ही पास केल्या.