लिलावातला लष्करी ट्रक

लष्कराच्या लिलावातून निघालेला जुना ट्रक घेऊन त्याचे डोंगरदऱ्यांत फिरणारे घर करण्याची माझी हौस किती पोकळ होती, हे आज कबूल करतो. आयुष्यभर पत्नीला कुठे नेले नाही, त्याची ही भरपाई, असे मी सर्वांना सांगत असे. गडमुडशिंगी गावातल्या एका मिस्त्रींच्या शेडमध्ये वर्षभर मी ओटा, पलंग, पाण्याची टाकी यांची मापे देत होतो. उसाच्या ट्रॉल्या बांधणाऱ्या त्या मिस्त्रींना मनातून अडाणी समजत होतो.

"पावणं, दार लई उंचावर हाय. वैनी चढणार कशा?" त्यांनी एकदा विचारले.

"डोंगरात जायचं तर उंची लागतेच," मी मृदू आवाजात, पण पूर्ण तुच्छतेने म्हणालो.

पत्नीचे गुडघे दुखतात हे मला ठाऊक होते. इतकी मापे घेताना ते एकदाही आठवले नाहीत.

नव्या गाडीची पहिली फेरी जोतिबाला. पत्नीने चाकांना हळदकुंकू वाहिले, मी नारळ फोडला. मग ती दाराशी आली. दार तिच्या छातीइतक्या उंचीवर होते. मिस्त्रींनी स्टूल आणले, मी हात पुढे केला.

"राहू द्या हो. चारचौघांत मला पोत्यासारखं उचलू नका."

"वैनी, आमच्या टेम्पोत बसा की," मिस्त्री म्हणाले. "घरची मंडळी बी हाय संगं."

ती बसली. मी रिकामे घर चालवत त्यांच्या मागून डोंगर चढलो. पुढे ती मिस्त्रींच्या पत्नीशी हसत बोलताना दिसत होती. मागे वळून पाहावे असे तिला एकदाही वाटले नाही, आणि का वाटावे?