टकटक आणि पुलाचा चढ

उत्तर कसब्यातल्या आमच्या बोळात बोलवा अशी, की शेजारच्या शिवपुत्रमामांची बायको काशम्मा मरून दोन वर्षं झाली तरी दिवेलागणीला दार वाजवते. टक, टक, टक. मामा आतून "आलो की" म्हणतात, म्हणे. ही बोलवा पसरवण्यात माझा हात नव्हता, जीभ होती.

खरं म्हणजे ती टकटक मामांच्या जुन्या मोपेडच्या इंजिनाची. पण "आलो की" मी या कानांनी ऐकलंय. त्याचं काय करायचं ते तुम्ही बघा.

मोपेड मामांच्या लग्नातली, पायडल मारून सुरू होणारी. काशम्माकाकू शेंगाचटणीचे डबे मांडीवर घेऊन मागं बसायच्या. रेल्वेपुलाचा चढ आला की मामा थांबून म्हणायचे, "उतर." इंजिनातला दम गेलेला, दोघांना ओढायचं नाही. काकू डबे घेऊन चालत चढायच्या आणि मामा वर जाऊन वाट बघायचे.

"मामा, तुमची घोडी काकूंना घाबरते," मी चिडवायचो.

"घोडी न्हाई रे, घोडीचा मालक आळशी हाय," काकू म्हणायच्या. गाडी नीट करा म्हणून किती मागं लागल्या. मामांचं एकच, "बघतो की."

शेवटच्या दिवशीही तेच झालं. छातीत कळ येत होती, दवाखान्यात जायचं होतं, तरी "रिक्षा कशाला?" म्हणत काकू मोपेडवरच बसल्या. चढापाशी मामा सवयीनं थांबले, काकू सवयीनं उतरल्या. मामा वर जाऊन पुढं तोंड करून थांबले. इंजिन बंद केलं तर परत लागायचं नाही, म्हणून मूठ पिळत राहिले. त्या फटफटीत मागची हाक ऐकूच आली नाही. लोकांनी सांगितलं तेव्हा वळले. काकू अर्ध्या चढावर कठड्याला टेकून बसल्या होत्या. बसल्या त्या बसल्याच.

तेव्हापासून मामांना एकच वेड. गाडीनं दोघांना घेऊन तो चढ चढायचा.

"दोघं कोण, मामा?" असं विचारलं की मामांना ऐकू येत नसे.

एवढ्या जुन्या गाडीचे नवे भाग मिळतात कुठं? मग घरगुती इलाज. इंजिनाचं डोकं, म्हणजे वरचं झाकण, खोलायचं आणि काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर घासत बसायचं. धातू झिजला की आतली जागा कमी होते, पेट्रोलची वाफ जास्त दाबली जाते, कॉम्प्रेशन वाढतं, इंजिनाला जोर येतो. भिंतीपलीकडून ती खसखस ऐकली की वाटायचं, कुणीतरी पाट्यावर चटणी वाटतंय. माझी बायको श्रीदेवी मुकाट्यानं दाराला कडी लावायची. मी म्हणायचो, "अगं, भूत चटणी वाटत असलं तर पाव किलो सांगून ठेव."

घासलेलं मात्र परत येत नाही. जास्त झालं की आत वरखाली होणारा पिस्टन डोक्याला धडकतो आणि इंजिन कायमचं जातं. म्हणून मामा पिस्टनवर पिठाची गोळी ठेवून, डोकं बसवून, चाक हातानं फिरवायचे. मग उघडून बघायचं, गोळी किती चपटी झाली. रीत बरोबर होती, पीठ चुकलं. मामांनी वापरलं काकूंनी शेवटचं दळून आणलेलं ज्वारीचं पीठ. जुन्या ज्वारीच्या पिठाची विरी जाते, चिकटपणा उरत नाही, भाकरी थापताना फुटते, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. ती गोळी चपटी व्हायच्या आधीच फुटायची आणि डोक्याच्या मधल्या खोलगट जागेत जमायची. तिथला जाड तुकडा बघून मामा खूश. "लई जागा हाय!" म्हणायचं की पुन्हा घासाघासी.

मग इंजिन लागलं, आणि टक, टक, टक. पिस्टन डोक्याला टेकत होता. मामा रोज दिवेलागणीला ते लावायचे, ऐकायचे, "आलो की" म्हणायचे आणि बंद करायचे.

शेवटी श्रीदेवीच मळलेली कणीक घेऊन गेली. "मामा, त्या पिठात विरी राहिली नाही. टाकून द्या."

"टाक म्हणू नको, बाई." पण कणीक घेतली. गोळी निघाली कांद्याच्या सालीएवढी पातळ. म्हणजे जागा उरलीच नव्हती. मग मामांनी काकूंचा तांब्याचा गडू कापला, पत्रा लाल तापवून पाण्यात बुडवला, मऊ केला आणि डोक्याखाली बसवून ते जरा वर उचलायला जाड चकती कातरली.

"अहो, गडू कापला?" श्रीदेवी म्हणाली.

"आता पाणी कोण पितंय त्यातनं?"

टकटक थांबली. बोळ असा गप्प झाला की मलाच करमेना.

रविवारी दुपारी मामा निघाले. मी स्कूटरवर मागं. चढापाशी त्यांनी ब्रेक मारला, मान जराशी मागं करून काहीतरी बोलले, थांबले. मग मूठ पिळली. मागं कुणी नव्हतं, तरी मागचं चाक दबलेलं मी पाहिलं. शपथ घेतो, माझ्या शपथेचा भाव बोळाला माहीत आहे. इंजिन कण्हत कण्हत, एकदाही टक न करता, पायडलाविना वर गेलं.

मी पोचलो तर मामांनी गाडी वळवली होती. इंजिन बंद, तोंड खालच्या चढाकडं. माझ्या जिभेला कुठला धीर!

"काय मामा, आज काकूंना खाली उतरवलं नाही वाटतं?"

मामा म्हणाले, "जलमभर उतरली की बे ती. आज बसू दे."