नुसता क्रॅक

सुनीती मॅडमच्या दवाखान्यात एखादी शिवी खपायची, पण 'क्रॅक' हा शब्द खपायचा नाही. मी त्यांच्या हाताखाली रुजू झाले त्याच दिवशी एका आजोबांना धीर द्यायला म्हटलं, "घाबरू नका, मनगटाला नुसता क्रॅक आहे." मॅडमनी मला त्यांच्यादेखत झापलं. "मोडलंय म्हण! हाड कोणतं, मोडलं कुठे, कातडी फाटलीय का, तुकडे किती, जागेवर आहेत की सरकलेत, ते आधी सांग. पुस्तकातला प्रकार कितवा, ते मग मिरव." बाई भलतीच खडूस आहे, असं मी मनात म्हटलं.

खरं कारण त्यांनीच पुढे सांगितलं. नागावच्या सुलभामावशी पर्यटकांना घरगुती जेवण करून घालत. अंगणातल्या शेवाळावरून घसरल्या आणि नडगीचं हाड वर गुडघ्याच्या सांध्यापर्यंत चिरलं. तुकडा जागेवर होता. मॅडमनी प्लास्टर घातलं, पाय टेकायचा नाही म्हणून बजावलं. मावशी रडायला लागल्या, तेव्हा समजूत काढायला मॅडम म्हणाल्या, "अहो, क्रॅक आहे."

आपल्याकडे फ्रॅक्चर म्हणजे मोडलं आणि क्रॅक म्हणजे वाचलं! शनिवारी पाहुणे आले. "फ्रॅक्चर न्हाय, नुसता क्रॅक हाय," म्हणत मावशी भाकऱ्या थापायला उभ्या राहिल्या. तुकडा खचला. ऑपरेशन झालं, पण पाय वाकडा तो वाकडाच राहिला.

"मला सगळं बिनचूक कळत होतं गं," मॅडम म्हणायच्या. "तिला कळेल असं बोलले नाही."

दवाखाना बंद करून लेकीकडे पुण्याला जायच्या आधी त्या मला घेऊन नागावला गेल्या. मावशी लंगडत चहा घेऊन आल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बायची काय चूक न्हाय हां. क्रॅकच व्हता. माजा नशीब खोटा."

मॅडमनी कप खाली ठेवला. "मावशी, हाड मोडलं होतं. मी तुम्हाला तसं सांगितलं नाही."

मावशी हळूच म्हणाल्या, "मंग तवाच सांगायचा ना, बाय. मी उभीच न्हाय राहिले असते."

मॅडमनी मान खाली घातली. मला तर तिथे बसवेना.

गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "लाज वाटते गं. इतकी वर्षं ती मला सांभाळून घेत होती, आणि मी घेऊ देत होते."