हजेरीवर मी नव्हते

भाकरीचा दुसरा तुकडा मोडला होता, तेवढ्यात सुपरवायझरने माझ्या डब्याशेजारी खराटा आणून टेकवला. ओला होता. त्याचं पाणी ओघळून डब्याखाली आलं.

"वाडीवाल्या, उठा. मुंबईचे साहेब येतायत. संडास तुंबलाय."

बेल्टवर आम्ही अकरा बायका. त्यातल्या चौघी किन्हवलीच्या पुढच्या डोंगराकडच्या वाडीवरच्या. बाकीच्या शहापुरातल्या आणि हायवेलगतच्या गावांतल्या. कारखान्यात बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनायची. वाकडी झाकणं वेगळी काढायची, बरी पिशवीत भरायची, यासाठी आम्हाला घेतलं होतं. कामावर घेताना संडासाचं नाव कोणी काढलं नव्हतं. ते काम आपोआप आम्हा चौघींकडे आलं आणि आमच्याकडेच राहिलं.

मी म्हटलं, "सोमवारी मीच धुतलाय. आज दुसऱ्या कोनाला तरी लावा."

"तुमच्यात चालतं. या बाकीच्यांना किळस येते."

गंमत बघा. आमच्या वाडीवर तेव्हा एकाही घरात संडास नव्हता. ज्यांच्या घरी होता त्यांना तो धुता येत नव्हता, आणि ज्यांनी घरात कधी पाहिला नाही त्यांना तो जन्मतःच धुता येतो, असं ठरून गेलं होतं. पाच वर्षं मीही ते मान्य केलं होतं. खोटं कशाला सांगू? पाच वर्षं मी नाकाला पदर लावून धुतला. त्या दिवशी मात्र डब्याखाली आलेलं ते पाणी बघितलं आणि माझं डोकं फिरलं.

"नाय धुनार," मी म्हटलं. "पाळी लावा सगळ्यांची."

तो हसला. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पाळी विचारतेस? तू हजेरीवर आहेस का? हजेरीवर हिरा आहे. तू कोण?"

कोणी मान वर केली नाही. वाडीच्या उरलेल्या तिघींनीही नाही. मला त्याचा राग आला तेवढाच या दहा जणींचा आला. मी खराटा भिंतीला टेकवला. हात धुतले. उरलेली भाकरी खाल्ली. एवढंच केलं. जेवणाची सुट्टी संपली तसं वॉचमनने माझ्याकडून कार्ड काढून घेतलं आणि मला गेटाबाहेर केलं.

तो म्हणाला ते खरंच होतं, हीच तर अडचण होती. हजेरीवर मी नव्हते.

हिरा माझी थोरली जाऊ. कारखान्यात आधी ती लागली होती. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत घरात सावडीचा धबडगा. सावड म्हणजे आज तुम्ही आमच्या शेतात रोप लावायला या, उद्या आम्ही तुमच्या. त्यात अमकीच पाहिजे असं कधी नसतं. घरातली एक बाई आली की झालं. आज सून, उद्या सासू. कोणी नाव विचारत नाही. हिराचा हात आवणीत चपळ, माझा रोपाला संथ. म्हणून सासूनेच सांगितलं, "हिरा शेतावर राहू दे. तू जा तिच्या जागी." मी गेले. ठेकेदाराला विचारलं तर तो म्हणाला, "कोणी पण या. माणूस भरला म्हणजे झालं." आम्हाला वाटलं, इथेही सावडच आहे.

आवणी संपली, पण हिराला परत जायचं नव्हतं. मग मीच जात राहिले. कार्ड तिचं, नाव तिचं. सुपरवायझर मला "ए हिरा" म्हणून हाक मारायचा आणि मी वळून बघायचे. मी चौथी शिकलेली. संध्याकाळी सुटताना हजेरीच्या वहीत सही असायची, तिथे मी हिराचं नाव लिहायचे. पाच वर्षांत ते माझ्या हाताला इतकं बसलं की एकदा घरी मुलीच्या पाटीवरही तेच उमटलं. आम्ही दोघी जावा तेव्हा पोट दुखेपर्यंत हसलो होतो.

घरी आले, सांगितलं. दोन दिवसांनी कारखान्यातून निरोप आला, दुसऱ्याच्या नावावर काम केलं म्हणून दोघींवर केस होईल. हिरा हादरली.

"मला पोलीस नेतील गो. तू जा, त्यांच्या पाया पड. एक संडास धुतला तर काय झिजतेस?"

नवरा एका गोदामात हमाली करायचा. त्याने माझा कामाचा डबा उचलून माझ्यापुढे ठेवला. त्याचा अर्थ मला कळत होता: परत जा.

एसटीतून जाता-येता शहापुरात एका भिंतीवर रंगवलेलं मी पाच वर्षं वाचत होते: मोफत कायदेविषयक सल्ला. ते दुसऱ्या कोणासाठी तरी असेल असं वाटायचं. त्या आठवड्यात मी तिथे उतरले.

आत जायच्या आधी बाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेला एक अर्ज लिहिणारा भेटला. गोड बोलला. "आत्या, आत अशा नाय घेत. आधी उत्पन्नाचा दाखला आणा. त्याला तलाठ्याचा कागद लागंल. रेशनकार्डाची झेरॉक्स. आनि फुकटचा वकील म्हंजे काय, कामपन फुकटातलंच करील." मी त्याच्या वयाची असेन, मला आत्या का म्हणत होता देव जाणे. पण मी ऐकलं. टेबलामागे बसून लिहिणाऱ्या माणसाचं आम्ही ऐकतोच. तलाठी एक दिवस आजारी, एक दिवस मीटिंगला. झेरॉक्सवाल्याकडे लाइट नाही. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला अर्जवाला म्हणाला, दाखल्यावर शिक्का पुसट आहे. मी तिथेच पायरीवर बसले. रडले नाही. रडायलाही अंगात काही लागतं.

तिथून एक वकीलबाई चालल्या होत्या. काळा कोट हातावर टाकलेला, पायात साध्या चपला. "कुणाची वाट बघताय?" त्यांनी विचारलं. मी भिंतीकडे बोट दाखवलं आणि दाखला पुढे केला. त्यांनी दाखला बघितलाही नाही.

"हा कोणी आणायला सांगितला? तुम्ही बाई आहात ना? वाडीवर राहता म्हणजे आदिवासी ना?"

"हाव."

"मग उत्पन्न विचारायचं कारणच नाही. बाईला वकील मोफत मिळतो. आदिवासीला मिळतो. हा कायदाच आहे. कोणी उपकार करत नाही."

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. संताप आला. माझा हक्क माझ्यापासून एका दरवाजाच्या अंतरावर होता आणि मी तलाठ्याच्या दारात दिवस काढत होते. सुपरवायझरने मला हाकललं, ते कळत होतं. इथे मला कोणीच हाकललं नव्हतं. मला माहीत नव्हतं, तेवढ्यावर काम भागलं होतं.

आत बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सावडीचं सांगितलं तेव्हा कपाळाला हात लावला, मग हसल्या. "शेतात चालतं हो. कागदावर घर काम करत नाही, माणूस करतं. चूक केलीत तुम्ही."

"मग केस होईल?"

"चूक तुम्ही एकट्यांनी नाही केली. कोणी पण या, हे कोणी सांगितलं? पाच वर्षं तुमचं तोंड कोण बघत होतं? माहीत असून कामाला लावलं त्यांनी. ज्यानं काम केलं तो कामगार. आणि संडास फक्त वाडीच्या बायकांनी धुवायचा, हा तर वेगळाच मुद्दा आहे. तो मी पहिला लिहिणार."

त्यांनी अर्ज लिहिला. मला वाचून दाखवला. मग खाली बोट ठेवून म्हणाल्या, "इथे तुमची सही." मी पेन टेकवलं आणि हाताने हिराचं नाव सुरू केलं. लाज वाटली. त्यांनी नवा कागद घेतला. त्यावर मी माझं नाव लिहिलं.

कल्याणला कामगार अधिकाऱ्यांपुढे तारीख लागली. मी, नवरा, वकीलबाई. समोर कारखान्याचा मॅनेजर, त्याचा वकील. आणि त्यांच्या बाकावर, डोक्यावरून पदर घेऊन, माझी जाऊ.

मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी पाणी भरायला गेलेली असताना कारखान्याची जीप वाडीवर आली होती. हिराला सांगितलं, एका कागदावर अंगठा दे, म्हणजे पोलीस येणार नाहीत. तिने दिला. तो राजीनामा होता. मॅनेजरने तो अधिकाऱ्यांपुढे ठेवला. "साहेब, आमच्याकडे हिरा कामाला होती. तिने राजीनामा दिलाय. ह्या बाईंना आम्ही ओळखत नाही."

पाच वर्षं रोज गेटवर बघितलेलं तोंड. ओळखत नाही.

हिरा माझ्याकडे बघत नव्हती. मला तिचा गळा धरावासा वाटला. पण तिचं नाव मी पाच वर्षं वापरलं होतं. तिने एकदाच वापरलं, तेही भीतीनं. तिला मी काय बोलणार होते?

वकीलबाईंनी राजीनामा जवळ ओढून बघितला. मग शांतपणे म्हणाल्या, "हजेरीची वही मागवा, साहेब."

ती पुढच्या तारखेला आली. पान उघडलं. रोजची सही. निळ्या पेनाने लिहिलेलं हिराचं नाव. अधिकाऱ्यांनी हिराला विचारलं, "बाई, ही सही तुमची?"

तिने डोक्यावरचा पदर सारून वहीकडे बघितलं. मग म्हणाली, "मला लिवता येत नाय साहेब. मी अंगठा देते."

त्यांनी मला कोरा कागद दिला. मी हिराचं नाव पाच वेळा लिहिलं. कागद वहीशेजारी ठेवला. तेच वळण. अंगठावाली बाई रोज सही कशी करत होती, हे मॅनेजरला कोणी विचारायची गरज राहिली नाही.

तो उठून वकिलाबरोबर बाहेर गेला. परत आला तो एकदम घरचा झाला. "ताई, वाढवायचं कशाला? उद्यापासून कामावर या. तेच कार्ड, तेच नाव. हजेरी चालूच आहे समजा. संडासाचं मी सुपरवायझरला सांगतो."

"लिहून द्या," मी म्हटलं.

"तोंडी सांगतो ना."

"सगळ्या अकरा जनींची पाळी, आनि कार्डावर माजं नाव. लिहून द्या."

"नाव बदललं तर नवीन भरती होते. ती बंद आहे. हिरा म्हणून या. नाही तर मला काही करता येणार नाही."

नवऱ्याने माझ्या कोपराला हात लावला. "हो बोल ना गो. काम तर भेटतंय." हिराही तिकडून मान हलवत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आपल्यावरचं संकट टळेल एवढंच तिला दिसत होतं. मलाही काम हवं होतं. घरात मुलगी होती. त्याने ते कार्ड टेबलावर माझ्यापुढे ठेवलं होतं आणि माझा हात जाईल असं मला क्षणभर खरंच वाटलं.

आत गेले असते तर कोणत्याही दिवशी, कोणत्याही जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझरने पुन्हा विचारलं असतं, तू कोण? आणि पुन्हा माझ्याकडे उत्तर नसतं. यावेळी तर मी स्वतःच लिहून दिलेलं असतं की मी कोणी नाही.

मी कार्ड टेबलावरून त्याच्याकडे सरकवलं. "हिरा घरी हाय. तिला कामाला यायचं असंल तर ती येईल. मी माज्या नावावर येईन. नायतर तारीख द्या."

अधिकारी म्हणाले, "बाई, कोर्टात वर्षं जातील. हातात काही पडेल असं सांगता येत नाही."

"द्या तारीख."

वर्षं गेली. ते खरंच बोलले होते. नवरा काही महिने माझ्याशी धड बोलला नाही, आम्हा जावांची चूल वेगळी झाली, हिरा आणि मी पाणवठ्यावर भेटलो तरी हंड्याकडे बघायचो. मुलगी दहावी झाली. कारखान्याने ठेकेदार बदलला. मी लोकांच्या शेतात जाते, कधी रस्त्याच्या कामावर जाते. तिथे गेले की आधी हजेरीची वही मागते, माझं नाव लिहिलेलं बघते, मगच मातीच्या पाटीला हात लावते. मुकादम वैतागतात. वैतागू देत.

तारीख असली की पहाटेची एसटी धरते. कधी साहेब रजेवर, कधी समोरचा वकील येत नाही. परतताना अंग इतकं दुखतं की वाटतं, बस झालं. आजही वाटतं. मागच्या तारखेला मॅनेजरचा वकील जिन्यावर म्हणाला, "मावशी, थकला असाल. मिटवून टाका."

थकलेय. तुमच्याकडे येण्याआधीच थकले होते. याहून जास्त तुम्ही मला काय थकवणार? पुढची तारीख लागलीय. मी येतेय.